कल

इरय्या वंगारींना ऐकू येत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं.
अशोक चौकामागच्या शेडमध्ये एकेचाळीस वर्षं जॉबरकी,
कान धोट्यांनी खाल्ले,
तळहात शाबूत राहिला.
चौकटीवर हात टेकून सांगायचे,
"तीन नंबरचा डावीकडं ओढलालाय,"
आणि पाना घेऊन खाली वाकायचे.
चादरीची किनार खरंच
दोन सूत सरकलेली असायची.

मी त्यांची पुतणी, भाग्या.
मीही हादरेच मोजते.
माझा माग तांदळाच्या दाण्याएवढा,
त्यात सूत नाही, अणू आहेत:
उभे, आडवे, आणि तिसऱ्याही दिशेनं ओवलेले,
ज्या दिशेचा धागा आपल्या पूर्व भागात
कुणीच कधी भरला नाही.

मे महिना. पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश.
काकांना मोठ्यानं सांगत होते,
अर्धं हातवारे करून:
एका टोकाला तापवलं की तिथला अणू थरथरतो,
शेजाऱ्याला ढकलतो, तो त्याच्या शेजाऱ्याला.
धागा जागचा हलत नाही,
हादरा तेवढा पुढं जातो.
त्यालाच आपण ऊन लागलं म्हणतो.

"मग?"

मग मी तो दाणा चुंबकात ठेवते.
भंगारवाल्याच्या क्रेनला लटकतो ना ताटाएवढा,
त्याच्या कितीतरी पट जोरकस.
आणि सरळ चाललेली ऊब
किंचित कडेला झुकते.
हजारात एखादा भाग, तोही कसाबसा.
चुंबक उलटा केला की दुसऱ्या कडेला.
रात्र रात्र जागून आम्ही तो कल पकडतो,
दोन काठांवरचे दोन तापमापक
आणि मध्ये आमचा संशय.

"लोखंड हाय त्यात?"
नाही.
"करंट?"
नाही. काचेसारखा आहे, आरपार दिसतो.
"मग चुंबक धरतो कशाला?"

काका, हा प्रश्न घेऊन
आमची अख्खी लॅब दोन वर्षं बसली आहे,
तुम्ही तो चहा संपायच्या आत विचारलात.
हादऱ्यालाच धरत असावा.
अणूंच्या अंगावर थोडा थोडा विद्युतभार असतो,
थरथरताना ते बारीकशी गिरकी घेतात,
तेवढी गिरकी चुंबकाला पुरते बहुतेक.
नीट कुणालाच माहीत नाही.
त्यांनी बशी पुसली. म्हणाले,
"माहीत नाही म्हणायला पगार देतात, चांगलं हाय."

गुरुवारी माग गेले.
मालकानं किलोवर विकले, सहाच्या सहा.
अक्कलकोट रोडला भंगाराच्या आवारात
क्रेनचा चुंबक खाली आला,
आणि तीन नंबर
टणकन् वर चिकटला.
(हे वेगळं. लोखंड चुंबकाचं घरचंच,
त्यात समजून घेण्यासारखं काही नाही.
मी स्वतःला असं बजावत उभी होते.)

काकांनी हात वर केला.
क्रेनवाला थांबला, का थांबला देव जाणे.
जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर
माग लोंबकळत होता,
फणी नाही, बीम नाही, एक तार तेवढी अडकलेली.
काकांनी चौकटीवर तळहात टेकला.
डोळे मिटले नाहीत, काही नाही.
डॉक्टर नाडी बघताना भिंतीवरच्या
कॅलेंडरकडं बघतो, तसं कुठंतरी बघत राहिले.

मी विचारलं, काय म्हणतोय?
त्यांना ऐकू गेलं नाही.
पण सवयीनं खिशाकडं हात गेला, जिथं पाना असायचा,
आणि ते म्हणाले,
"अजून डावीकडंच."

क्रेनवाला हसला. चुंबक सुटला.
काट्यावर आकडा आला, पावती फाडली गेली.

परत येताना रिक्षात
ते दांडीला धरून बसले होते.
गांधी नगरच्या वळणावर ड्रायव्हरला म्हणाले,
"मागचं उजवं चाक बघून घे बे."
त्यानं टेपचा आवाज कमी केला नाही.
मी माझी वही काढली,
वेळ लिहिली, तापमान लिहिलं,
चाकाचंही लिहिलं.